कानाच्या आतला चौकोन

७ जानेवारी

पेन्सिल,

कागदावर लिहितेय, हसू नकोस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि पलीकडे कीबोर्ड टकटकत असतो. मेल करावा तर तुझा मेल ऑफिसचा, तिथे कोण कोण नाक खुपसतं देव जाणे. कागद बरा. कागद कोणी उघडला तर निदान फाटलेला दिसतो.

सोबत पेन ड्राइव्ह आहे, त्यात माझं 'नळ'. तू आमच्याकडे राहून कॉलेज करायचास तेव्हा बाबा सकाळी लोखंडी सळई घेऊन निघायचे, आठवतं? रस्त्यातलं झाकण उचलून सळई नळाला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि पाणी कुठे गळतंय ते सांगायचं. पाणीखात्यात असे ऐकणारे आता दोनच उरलेत, बाबा आणि एक नवा. सळई माळ्यावर गेली. दोन वर्षं झाली, बाबा माझं 'नळ' वापरतात. नळाला मायक्रोफोन चिकटवला की गाडीतल्या लॅपटॉपवर आकडा येतो आणि हेडफोनमध्ये आवाज. आकडा तिसाच्या खाली असला तर सोडून द्यायचं, साठाच्या वर गेला तर खणायचं. मधला आला की ऐकणारा कान लावून ठरवतो आणि सही करतो. खात्याचा नियमच तसा आहे.

हे मी कोडमध्ये लिहिलेलं नाही, ते तुला माहीतच आहे आणि तेच तुला खुपतं. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकातून दुसऱ्यात तार ओढायची, आवाज तारेतून जातो. थिएटरमध्ये नाटकांचा आवाज मी असाच बांधते. बाबा शेजारी बसून म्हणायचे, "इथे जरा घोगरा कर गं," आणि मी तार हलवायचे. पुढे पुढे ते स्वतःच हलवायला लागले. कोड असता तर हा माणूस पडद्याजवळ फिरकला तरी असता का?

पण आता खात्याच्या मोठ्या बाईंना हे सहा गाड्यांत हवंय. लॅपटॉप उन्हात तापतो, आवाज अडखळतो, कधी बंदच पडतो. त्यांना खिशात मावेल असं काहीतरी पाहिजे. तू म्हणालास, "मी कोडमध्ये लिहून देतो, मला काही नको." ते 'काही नको' मला खटकलं. लहानपणी मला वहीचं मागचं पान देतानाही तू काहीतरी बदल्यात घ्यायचास. तुझ्या कंपनीला हे दाखवणार आहेस का? असलास तर आत्ताच सांग.

आधी बघ आणि प्रामाणिकपणे सांग की तारा ठेवता येतील की नाही. बाबा बरे आहेत. हल्ली कमी बोलतात, पण जास्त कधी बोलायचे?

तुझी,
ताई

१६ जानेवारी

ताई,

लिफाफ्याला तीन ठिकाणी टेप आणि टेपवर तुझी सही. बँकेतल्या लॉकरलासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो. पोचलं. कोणी उघडलं नव्हतं. मी उघडलं, ते चालेल ना?

कंपनीचं म्हणशील तर आमच्या साहेबांना नळ म्हणजे काय तेच माहीत नसावं. ते बाटलीतलं पाणी पितात. मामांसाठी करतोय. चार वर्षं त्यांच्या घरी जेवलो, हे कारण पुरत नसेल तर दुसरं शोधून ठेवतो.

आता तुझं 'नळ'. चौकोन मोजले, चारशे बारा भरले. तारा मोजायचा नाद सोडला. कंगव्यात अडकलेले केस कोणी मोजत नाही. तू म्हणतेस की तारा डोळ्यांना दिसतात म्हणून कोणालाही समजतात. ताई, दिसतात, पण समजत नाहीत. मी दोन दिवस एका तारेमागे फिरलो, शेवटी ती एका बंद चौकोनात शिरून तिथेच संपली. कोड वाचायला कंटाळवाणा असतो, कबूल. पण त्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कधी केला, कशासाठी. तुझ्या तारांवर कोणाच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत.

हे सगळं मी सहज म्हणत नाहीये. हेडफोनकडे जाणारा आवाज 'कान' नावाच्या चौकोनातून जातो, बरोबर? तो उघडला. आत आणखी एक चौकोन. त्याला नाव नाही, नुसता ठिपका. तो उघडला तर आतली जोडणी बारीक आवाज उचलते आणि खाली आणून ठेवते. शिट्टीचा घुमारा करते, असं समज. आकड्याकडे जाणाऱ्या तारेला तिचा स्पर्शही नाही. फरक पडतो तो फक्त हेडफोनमध्ये.

ऑक्टोबरात मोठ्या बाईंनी हेडफोन लावले आणि "अगदी स्पष्ट ऐकू येतंय" म्हणाल्या, हे तू मला फोनवर तीनदा सांगितलंस. ताई, रागावू नकोस. बाईंच्या कानाला बरं वाटावं म्हणून ठिपका टाकलास का? थिएटरमध्ये तू पत्रा हलवून ढग गडगडवतेस, ते ठीक आहे. हे पाणीखातं आहे.

टाकला असशील तर मी कोणाला सांगणार नाही. मला फक्त माहीत पाहिजे की मी काय उतरवून घेतोय.

मामांना नमस्कार सांग.

पेन्सिल

२४ जानेवारी

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने आणि नंतर बसून.

तो ठिपका मी टाकलेला नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर माझी जुनी प्रत आहे, मागच्या मार्चची. 'कान' उघडून बघितला. आत ठिपका नाही, काहीच नाही, आवाज सरळ हेडफोनला जातो. तुला पाठवलेली प्रत मी गाडीतल्या लॅपटॉपवरून उतरवली, त्याच दिवशी टेप लावली, त्याच दिवशी पोस्टात दिली. मग ती कोणाच्या हातात होती? नऊ दिवस कोणाच्या घरी होती?

बाबांना विचारलं. जेवत होते. म्हटलं, "बाबा, 'कान'च्या आत कोणीतरी काहीतरी घातलंय." ते म्हणाले, "असेल." म्हटलं, "असेल काय? तुम्ही रोज वापरता ना?" तर "वापरतो, उघडून कोण बघतंय" म्हणाले आणि ताट घेऊन उठले. भात तसाच होता. बघ, माझ्या वस्तूत कोणी हात घातला हे त्यांनाही इतकं लागलं.

आता मी सांगते काय झालं असेल ते. तुला तारा आवडत नाहीत. तारांमध्ये काहीतरी लबाडी सापडली तर तुझा कोड आपोआप खरा ठरतो. आधी ठिपका टाकायचा, मग तो शोधून काढायचा आणि वर विचारायचं, ताई, तू टाकलास का. 'मी कोणाला सांगणार नाही' हे तर फारच छान. कोणाला सांगणार नाहीस असं म्हणणारा माणूस आधी सांगायचं कोणाला ते ठरवून बसलेला असतो.

(इथे दोन ओळी खोडल्या आहेत. वाचायचा प्रयत्न करू नकोस, चांगल्या नाहीत.)

कोड लिहायचा की नाही हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही. मोठ्या बाईंनी तुझं नाव ऐकलंय आणि त्यांना घाई आहे. पण ठिपक्याचा जबाब तुला द्यावा लागेल.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

खोडलेल्या ओळी वाचल्या. उजेडात धरल्या की दिसतात. 'आतेभाऊ' या शब्दापुढे तू जे लिहिलंस ते आईला दाखवणार नाही.

जबाब देतो. प्रत्येक फाइलवर ती शेवटची कधी जतन केली ती तारीख असते. तू पाठवलेल्या फाइलवर सप्टेंबर आहे. माझ्या हातात ती जानेवारीत आली. तारीख बदलता येते असं तू म्हणशील, आणि येतेच, म्हणून याला पुरावा म्हण किंवा नको म्हणूस. पण एक विचार कर. गाडीत लॅपटॉप दिवसभर उघडा पडलेला असतो. तो नवा ऐकणारा, मामांच्या जागेवर डोळा ठेवून बसलाय असं तूच सांगितलं होतंस. मामांच्या कानात वेडावाकडा आवाज घातला की चूक कोणाची दिसेल? मी नुसतं विचारतोय. पण तुमच्या तारांमध्ये कोणीही येऊन काहीही करून जाऊ शकतं, ते मी पहिल्यापासून सांगतोय.

तर मी काय केलं ते ऐक. सगळं कोडमध्ये लिहून काढलं. साबणाच्या डबीएवढी डबी आहे, एक बटण, एक छोटा पडदा, हेडफोनला भोक. तू दिलेले नळांचे तीनशे अठरा आवाज तुझ्या तारांना आणि माझ्या डबीला ऐकवले. तीनशे अठरापैकी तीनशे अठरा वेळा आकडा तोच आला. ठिपका मी घेतला नाही. आकड्याशी त्याचा संबंध नाही, कोणी टाकला ते ठाऊक नाही, मग घेऊ कशाला? हेडफोनला आवाज आता जसा नळात आहे तसा जातो, शुद्ध.

आणि डबी बंद आहे. मी सोडून कोणी आत हात घालू शकत नाही.

पहिली डबी मामांच्या नावाने खात्याच्या पत्त्यावर पाठवली आहे. त्यांना म्हणावं, वापरून बघा आणि नावं ठेवा.

पेन्सिल

२० फेब्रुवारी

पेन्सिल,

तेरा तारखेला बाबा तुझी डबी घेऊन बाजारामागच्या रस्त्याला गेले. कोपऱ्यावर बेकरी आहे, तिच्या समोरचा नळ. आकडा आला सेहेचाळीस, म्हणजे मधला. बाबांनी हेडफोन लावले, पाच मिनिटं ऐकलं, गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाले, "कोरडं आहे," आणि सही केली.

सोळा तारखेला बेकरीच्या तळघरात गुडघाभर पाणी होतं. पिठाची पोती फुगून फाटली. बेकरीवाला भला माणूस, ओरडलासुद्धा नाही, बाबांना घेऊन पायऱ्या उतरला आणि दाखवलं, एवढंच. रस्ता दीड हात खचलाय. खणलं तर नळाला सुईएवढं भोक. सेहेचाळीस आकडा आला त्या जागेच्या बरोबर खाली.

अठ्ठावीस वर्षांत बाबांच्या सहीखाली असं झालेलं नाही. एकदाही नाही.

मोठ्या बाईंनी चौकशी लावली आहे, पाच मार्चला. सवाल एकच आहे, डबी चुकली की कान चुकला. डबी चुकली असेल तर डब्या रद्द होतील आणि माझ्या तारा गाडीत राहतील. कान चुकला असेल तर बाबा रस्त्यावरून आत, टेबलाशी, अर्जांवर शिक्के मारायला. बाबांना टेबलाशी बसलेलं तू कधी पाहिलं आहेस? घरीसुद्धा ते खिडकीत उभं राहून चहा पितात.

बाबांनी लिहून दिलं आहे. त्यांचं वाक्य असं आहे: 'यंत्रातून आवाज आला नाही, यंत्र खोटं बोलतं.' ते कधी कोणाबद्दल असं बोलत नाहीत. निर्जीव वस्तूबद्दलसुद्धा नाही.

डबी सोबत परत पाठवतेय. तू मोठ्या बाईंना पत्र लिही की हेडफोनच्या बाजूत दोष राहिला होता, आणि सही कर. 'शुद्ध' आवाज म्हणे! शुद्ध म्हणजे रिकामा, असं कोडवाल्यांच्या भाषेत असेल.

पाच मार्चच्या आत पोचलं पाहिजे.

ताई

२१ फेब्रुवारी
(लिहिलं, पण टाकलं नाही)

पेन्सिल, कालचं पत्र गेलं. आता हे लिहितेय.

आज सकाळी बाबा खिडकीत उभे होते, पाठ माझ्याकडे. मी दारात होते. का कोण जाणे, हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजवला. हळू. मग जोरात. ते बाहेर बघत राहिले. मग मी टेबलावर मूठ आपटली, तर लगेच वळले. "काय गं?" म्हणाले.

"काही नाही," म्हटलं.

किल्ल्या आणखी दोनदा वाजवल्या, संध्याकाळी चहाच्या वेळी, त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून. आपल्याच बापावर पाळत ठेवून आपण काय करतोय हे मला कळत होतं.

हे तुला पाठवणार नाही. तू लगेच म्हणशील, बघ.

२७ फेब्रुवारी

ताई,

डबी मिळाली. एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, लपवली असं नाही, सांगायची राहिली. डबी जे ऐकते ते साठवून ठेवते. तेरा तारखेचा, बेकरीसमोरचा, पाच मिनिटांचा आवाज तिच्यात आहे.

मी हेडफोन लावून ऐकला. पहिल्या सेकंदापासून आवाज आहे. बारीक आहे, पण स्वच्छ, दातांच्या फटीतून हवा सोडावी तसा. मला वाटलं आपण आता ऐकायचं ठरवूनच बसलोय, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काही न सांगता ऐकवला. त्या म्हणाल्या, "कुकरची शिट्टी गळतेय का?" आमच्या शिपाईकाकांना ऐकवला. त्यांनी तोंड वाकडं केलं, "काढा, दात शिवशिवतात." सगळ्यांना ऐकू येतो.

मग तुझ्या तारा उघडल्या. तोच आवाज ठिपक्यातून सोडला. दुसऱ्या टोकाला तो घुमत आला, जाड, माठात तोंड घालून बोलल्यासारखा.

ताई, तू पेन ड्राइव्हवर अख्खं फोल्डर उतरवलं होतंस. त्यात तीन फाइली आहेत. मी फक्त शेवटची उघडली होती, कारण बाकीच्या जुन्या असणार असं धरून चाललो. काल तिन्ही उघडल्या. एक एप्रिलची, एक जुलैची, एक सप्टेंबरची. तिन्हीत ठिपका आहे. एप्रिलमध्ये तो आवाज थोडासा खाली आणतो. जुलैमध्ये आणखी. सप्टेंबरमध्ये जवळजवळ अर्ध्यावर.

टाकणारा कोणी लबाड नव्हता. लबाडाने एकदा टाकला असता. हा तीनदा परत आलाय, आणि दर वेळी त्याला आवाज थोडा आणखी खाली लागलाय.

मी त्या नव्या ऐकणाऱ्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. तुझ्याबद्दलचंही. आणि ठिपका मी काढून टाकला हे माझ्याच्याने मागे घेता येत नाही. मी तो काय आहे ते विचारलं, कोणाला लागतो ते विचारलं नाही. आकड्याला लागत नाही म्हणजे कोणालाच लागत नाही, असं आम्ही लोक धरून चालतो.

आता ऐक. ठिपका होता तोवर, म्हणजे एप्रिल ते जानेवारी, मामांच्या सहीखाली एकही चूक नाही. तूच लिहिलंस. म्हणजे त्यांनी काही फसवलं असं मला तरी म्हणता येत नाही. कोणी चष्मा लावून वाचावं, तसे ते ठिपका लावून ऐकत होते.

तू सांगशील तसं करतो. डबीत दोष होता असं लिहून हवंय? लिहितो. खोटं आहे, पण सही खरी करीन. पत्र तयार आहे, पाकिटात आहे. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. तुझा निरोप आला की टाकतो.

पेन्सिल

४ मार्च

विचारलं बाबांना. गाडी धूत होते. मी नळ बंद केला, डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "ठिपका तुमचा?"

ते पोछा पिळत राहिले. मग म्हणाले, "तूच शिकवलंस."

खरंच मीच. मागच्या एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांनी विचारलं होतं, "बारीक आवाज जाड करायचा असला तर कुठला चौकोन?" मला वाटलं, बाबांना गंमत वाटतेय. मी खूश होऊन दाखवला. वर म्हटलं, "शाब्बास, माझ्या थिएटरला येता का कामाला?"

"सांगायचं ना मला," मी म्हटलं.

"तू काय केलं असतंस?"

"डॉक्टरकडे नेलं असतं."

"आणि डॉक्टरने काय केलं असतं? कागद दिला असता. कागद खात्यात गेला असता. मी टेबलावर." पोछा बादलीत टाकला. "चौकोन टाकला, ऐकू यायला लागलं. कोणाला काही विचारावं लागलं नाही. तुझ्या त्या तारांचं मला हेच आवडतं."

"आणि यंत्र खोटं बोलतं म्हणून लिहून दिलंत ते?"

ते चाकं धुवायला लागले. चाकं आधीच धुऊन झाली होती.

पेन्सिल, मी बारा दिवस गप्प होते. मला आधीच शंका आली होती आणि तरी मी तुझ्यावर ढकललं, हे आता लिहून टाकते म्हणजे सुटले. टाक ते पत्र पोस्टात. खोटं आहे ते माहीत आहे. तुझी डबी खात्यात येणार नाही, तुझं नाव थोडं खराब होईल, ते मी कसंतरी भरून देईन. बाबांना तीन वर्षं राहिलीत.

— इथवर लिहून पाकीट शोधायला उठले आणि खात्यातून फोन आला. चौकशी पुढे ढकलली. त्याऐवजी सोमवारी बाबांची कानाची तपासणी. मोठ्या बाईंचा हुकूम.

ठिपक्याचं माहीत असलेली माणसं तीन. बाबा, मी आणि तू. मी सांगितलं नाही. बाबा स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतील?

'पाकीट अजून चिकटवलेलं नाही.' वा. दुसरं कुठलं पाकीट चिकटवून मोकळा झालास ते आता कळलं. तुझी डबी खरी ठरली, अभिनंदन. वरचं सगळं फाडणार होते, पण तूही वाच, की मी तुझ्यावर कुठवर विश्वास ठेवला होता.

११ मार्च

चि. पेन्सिल यास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. खात्यात एक ओळ लिहितो, 'ऐकले. गळती आहे' किंवा 'गळती नाही'. तेव्हा लांबण लागली तर समजून घे.

मोठ्या बाईंकडे मी गेलो होतो. चार तारखेला, ताई घरात तुला पत्र लिहीत होती तेव्हा. तिने तुझं पत्र ओट्यावर उघडं ठेवलं होतं. मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण त्यात सगळा मीच होतो. तू माझ्यासाठी खोटी सही करणार होतास. सही म्हणजे काय, ते तुमच्या कामात किती मोजतात मला ठाऊक नाही. आमच्या कामात तेवढं एकच असतं.

लॅपटॉप घेऊन गेलो. बाईंना हेडफोन लावले, 'कान' उघडला, ठिपका दाखवला. तो काढून आवाज ऐकवला, घालून ऐकवला. बाईंनी विचारलं, "ठिपका काढल्यावर तुम्हाला काय ऐकू येतं?" म्हटलं, "काही नाही, बाई." त्यांनी पडद्यावर ठिपक्याशी बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतः जोडलंत?" हो म्हटलं. "आणि आम्ही सहा गाड्यांत बंद डब्या घालणार होतो," असं त्या म्हणाल्या, मला की स्वतःला, कळलं नाही.

सोमवारी तपासणी झाली. डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे, बारीक आवाज मात्र त्यालाही येत नाहीत. उजव्याची वरची अर्धी पट्टी गेली, असं तपासणारी पोरगी म्हणाली. कागद दिला. मधल्या आकड्यावर माझी एकट्याची सही यापुढे चालणार नाही. नवा ऐकणारा आधी ऐकेल, मग मी, आणि दोघांच्या सह्या. टेबलावर बसवलेलं नाही. रस्त्यावर आहे, अर्धा.

तुझ्यासाठी काम आहे. बाईंनी सांगितलं आहे की आकडा तुझ्या कोडमध्येच राहू दे, त्यात आम्ही हात घालणार नाही. पण हेडफोनकडे जाणारा भाग उघडा ठेव. तारा ठेव किंवा नुसती चकती ठेव, फिरवता आली पाहिजे. ऐकणाऱ्याने फिरवली की कोणी फिरवली आणि का, हे तिथल्या तिथे लिहिता आलं पाहिजे. जमेल ना? नवा ऐकणारा म्हणतो त्याला तर आत्ताच थोडी फिरवून हवीय. पंचवीस वर्षांचा आहे. गाणी मोठ्याने ऐकतो.

ताईला सांगितलं की मीच गेलो होतो, तुझा काही संबंध नाही. ती म्हणाली, "त्याने भरीला घातलं असेल तुम्हाला." मी नाही म्हटलं. "मग तुम्ही त्याला पाठीशी घालताय." दोन दिवस चाललंय. ती तुला फोन करील तेव्हा कीबोर्ड बाजूला ठेव.

बेकरीवाल्याकडे जाऊन आलो. त्याला खरं सांगितलं. त्याने पाव दिला. घेतला नाही, तर म्हणाला, "घ्या, हा वरच्या मजल्यावरच्या पिठाचा आहे."

आता जे लिहायला बसलो ते. तुझ्या वस्तूला मी खोटं म्हणालो. मला तेव्हाही माहीत होतं. तरी पंधरा दिवस आळ तुझ्यावर राहू दिला, आणि ताई तुला नाही नाही ते लिहीत होती ते बघत राहिलो. तू माझ्याहून लहान, म्हणून माफी कशी मागतात ते मला येत नाही. चौकशीच्या कागदावर माझं आधीचं वाक्य आहे, ते खोडू देत नाहीत. त्याखाली दुसरं लिहिलं, बाईंसमोर. इथे तुझ्यासाठी उतरवतो:

'यंत्रातून आवाज येत होता. ऐकणारा मी होतो.'

खाली सही केली. एकट्याची.

तुझा,
मामा